पोपचे विमान मुंबईत उतरते तेव्हा : पॉल सहावे, गोवा आणि १९६४ चा डिसेंबर

१/
२ डिसेंबर १९६४. रोमहून निघून बैरूतला थांबलेले एअर इंडियाचे विमान मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर उतरले. त्यातून पोप पॉल सहावे बाहेर आले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. मुंबईच्या रस्त्यांवर लाखोंची गर्दी लोटली होती. त्याच वेळी स्वतःला कॅथलिक धर्माचा रक्षक म्हणवणारे एक युरोपीय राष्ट्र मात्र या प्रवासामुळे संतप्त होते : पोर्तुगाल. एका कॅथलिक देशाला पोपचा प्रवास अपमान का वाटावा? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे.

२/
उत्तराकडे जाण्यापूर्वी पोपची राजकीय स्थिती समजून घेऊ. १८७० मध्ये इटलीच्या एकीकरणात पोपचे राज्य संपुष्टात आले. पुढची जवळजवळ साठ वर्षे पोप स्वतःला व्हॅटिकनमधील बंदी मानत राहिले. ११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटेरन तहाने व्हॅटिकन सिटी हे स्वतंत्र राज्य जन्मास आले. त्याचे क्षेत्रफळ अवघे ४४ हेक्टर, म्हणजे आपल्याकडील मोठ्या शेतकऱ्याच्या जमिनीशी तुलना व्हावी इतके.

३/
परंतु राजनैतिक संबंध या ४४ हेक्टरांशी जोडले जात नाहीत. ते जोडले जातात ‘होली सी’शी, म्हणजे पोपच्या पवित्र पीठाशी. या पीठाजवळ सैन्य नाही, व्यापार नाही, किनारा नाही. आहेत ते राजदूत, पत्रे, नेमणुका आणि मौन. कोणाला बिशप नेमायचे, कोणाला नेमायचे नाही, कोठे जायचे आणि कोठे जाण्याचे टाळायचे, हीच त्याच्या परराष्ट्रधोरणाची आयुधे. स्वतंत्र भारताने या पीठाशी १९४८ मध्येच राजनैतिक संबंध प्रस्थापित केले होते.

४/
आता पॉल सहावे यांच्याविषयी. मूळ नाव जोव्हान्नी बात्तिस्ता मोंतिनी. जन्म २६ सप्टेंबर १८९७, उत्तर इटलीतील ब्रेशियाजवळच्या कोंचेझिओ गावी. वडील वकील, वृत्तपत्राचे संपादक आणि पुढे संसद सदस्य. घरात राजकारणाची चर्चा रोजचीच. मोंतिनी प्रकृतीने नाजूक, वाचनाने समृद्ध. १९२० मध्ये धर्मगुरू झाले, १९२३ मध्ये काही महिने वॉर्सॉ येथील पोपच्या दूतावासात राहिले आणि मग त्यांनी जवळजवळ तीस वर्षे व्हॅटिकनच्या सचिवालयात काढली.

५/
हे सचिवालय म्हणजे पोपचे परराष्ट्र आणि गृह खाते एकत्र. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोप पायस बारावे यांच्या निकटच्या सहकाऱ्यांपैकी मोंतिनी एक होते. युद्धकैदी आणि बेपत्ता लोकांची माहिती मिळवून कुटुंबांना कळवणारे कार्यालय त्यांच्या देखरेखीखाली चाले. १९५४ मध्ये ते मिलानचे आर्चबिशप झाले, १९५८ मध्ये कार्डिनल आणि २१ जून १९६३ रोजी पोप. त्या वेळी दुसरी व्हॅटिकन परिषद अर्ध्यावर होती.

६/
मुत्सद्दी म्हणून घडलेल्या या पोपने पहिली मोठी कृती कोणती केली? तो प्रवासाला निघाला. जानेवारी १९६४ मध्ये पॉल सहावे विमानाने जॉर्डन व इस्रायलला गेले आणि जेरुसलेम येथे ऑर्थोडॉक्स पंथाचे कुलगुरू अथेनागोरास यांना भेटले. विमानातून प्रवास करणारे ते पहिले पोप. नेपोलियनने पायस सातवे यांना बंदी करून फ्रान्सला नेले होते; त्यानंतर दीडशे वर्षांत एकही पोप इटलीबाहेर गेला नव्हता. दुसरा प्रवास मुंबईचा.

७/
निमित्त होते ३८ व्या आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेसचे. ख्रिस्तप्रसादाच्या संस्काराभोवती भरणारे जगभरातील कॅथलिकांचे हे संमेलन २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४ या काळात मुंबईच्या ओव्हल मैदानावर भरले. यजमान होते मुंबईचे आर्चबिशप, कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस. या एका माणसाच्या नेमणुकीमागे चारशे वर्षांचा इतिहास आहे.

८/
पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोपांनी पोर्तुगीज राजांना एक अधिकार बहाल केला : पूर्वेकडील प्रदेशांत चर्च उभारा, खर्च करा आणि त्या बदल्यात बिशपपदासाठी नावे तुम्ही सुचवा. यालाच ‘पाद्रोआदो’ म्हणतात, म्हणजे राजाश्रय. पोर्तुगालची सत्ता आटली तरी हा हक्क कागदावर राहिला. १६२२ मध्ये रोमने धर्मप्रसारासाठी स्वतःची ‘प्रोपगंडा’ ही संस्था काढली आणि दोन्हींचा संघर्ष सुरू झाला.

९/
या संघर्षाचे सर्वांत विचित्र रूप मुंबईत दिसले. बेट ब्रिटिशांचे, काही चर्चे पोर्तुगीज आश्रयाखालची, काही थेट रोमच्या अधिकाऱ्यांखालची. शेजारशेजारच्या दोन चर्चचे वरिष्ठ निराळे. कोणती वास्तू कोणाची यावरून भांडणे आणि खटले. १९२८ मध्ये होली सी व पोर्तुगाल यांच्यात तोडगा निघाला : मुंबईचा आर्चबिशप आलटून पालटून एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. भारतीयाचा विचार या सूत्रात नव्हता.

१०/
या सूत्रानुसार आधी पोर्तुगीज जेझुइट ज्योकिम लिमा आणि नंतर इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स आर्चबिशप झाले. रॉबर्ट्स यांना या व्यवस्थेतला अन्याय दिसत होता. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस हे साहाय्यक बिशप झाले आणि रॉबर्ट्स यांनी कारभार त्यांच्यावर सोपवून मुंबई सोडली. आपल्यानंतर ‘पोर्तुगीज पाळी’ न येता भारतीय माणूस यावा, ही त्यामागची भूमिका होती.

११/
तारखा नीट पाहाव्यात. १५ ऑगस्ट १९४७ : देश स्वतंत्र. २६ जानेवारी १९५० : प्रजासत्ताक. तरीही मुंबईच्या आर्चबिशपच्या निवडीत पोर्तुगालचा शब्द कायम. अखेर १८ जुलै १९५० च्या करारान्वये पोर्तुगालने आपल्या वसाहतींबाहेरील भारतीय धर्मप्रांतांवरचा हा हक्क सोडला आणि त्याच वर्षअखेरीस ग्रेशस आर्चबिशप झाले. १९५३ च्या जानेवारीत ते कार्डिनल झाले, भारतातील पहिले. जन्म कराचीचा, कुटुंब गोव्याचे, कर्मभूमी मुंबई.

१२/
आता गोवा. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. पुण्यातली गोवा विमोचन सहाय्यक समिती या लढ्याच्या अग्रभागी होती. सालाझारचा जगापुढचा युक्तिवाद असा : गोवा ही वसाहत नाही, ती पूर्वेचे रोम आहे, ख्रिस्ती संस्कृतीची भूमी आहे, भारत ती गिळू पाहत आहे. गोव्यातली बहुसंख्य प्रजा हिंदू होती, हे या युक्तिवादात सोयीस्करपणे गाळलेले असे.

१३/
या युक्तिवादाची धार बोथट करण्यासाठी नेहरूंनी थेट त्याचे उगमस्थान गाठले. जुलै १९५५ मध्ये त्यांनी रोम येथे पोप पायस बारावे यांची भेट घेतली. गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, हे पोपनाही मान्य असल्याचे नेहरूंनी त्यानंतर सांगितले. एवढे एक वाक्य पुरेसे होते. ज्या धर्माच्या नावाने सालाझार बोलत होता, त्याच धर्माच्या प्रमुखाचा आधार त्याला उरला नाही. मोंतिनी ज्या शाळेत मुत्सद्देगिरी शिकले, ती ही.

१४/
गोव्यातील आणि मुंबईतील सारे कॅथलिक पोर्तुगालच्या बाजूचे होते, हा समजही येथेच बाजूला ठेवावा. गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणून ओळखले जाणारे त्रिस्ताँव द ब्रागांझा कुन्हा हे कॅथलिक घराण्यातले; १९५८ मध्ये मुंबईत त्यांचा अंत झाला, मुक्ती पाहण्यापूर्वीच. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. लिस्बनला अपेक्षित असलेला जाहीर निषेध रोमहून आला नाही.

१५/
या पार्श्वभूमीवर १८ ऑक्टोबर १९६४ रोजी, युगांडाच्या हुतात्म्यांना संतपद देण्याच्या सोहळ्यात, पॉल सहावे यांनी आपण मुंबईस जाणार असल्याचे घोषित केले. गोवा हातून जाऊन तीन वर्षेही झाली नव्हती. पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री फ्रांको नोगेरा यांनी तीन दिवसांतच या प्रवासाला विनाकारण केलेला अपमान ठरवले. पोपच्या मुंबईभेटीच्या बातम्यांवर पोर्तुगालमध्ये सेन्सॉरची कात्री चालली. कॅथलिक देशातल्या वाचकांना पोपची बातमी वाचणे अवघड व्हावे, हा या प्रकरणातला विरोधाभास.

१६/
पोपने प्रवास रद्द केला नाही. पण संबंधही तोडले नाहीत. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी, निघण्यास दहा-अकरा दिवस उरले असता, त्यांनी पोर्तुगालमधील फातिमा तीर्थस्थानाला ‘सुवर्ण गुलाब’ हा पोपचा प्राचीन मान जाहीर केला. मान पोर्तुगीज भाविकांना, सरकारला नव्हे. १९६७ मध्ये ते स्वतः फातिमाला गेले. विमान मोंते रेआल येथील तळावर उतरले, राजधानी लिस्बनला त्यांनी भेट दिली नाही. सालाझार त्यांना भेटला तो फातिमा येथेच. नकार असा द्यावा की दार उघडे राहावे, याचा हा वस्तुपाठ.

१७/
भारतातही सारे सुरळीत नव्हते. १९५६ मध्ये मिशनऱ्यांच्या कार्यावरील नियोगी समितीचा अहवाल आला होता. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता, नागपूर त्याची राजधानी होती आणि समितीचे अध्यक्ष भवानीशंकर नियोगी हे नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. २९ ऑगस्ट १९६४ रोजी मुंबईतच, पवईच्या सांदीपनी साधनालयात विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली. धर्मांतर हा तेथील चिंतेचा विषय होता. पोपच्या आगमनाला काही हिंदुत्ववादी संघटनांनी उघड विरोध केला.

१८/
म्हणजे पोपपुढे दोन संशयी श्रोते होते. लिस्बन म्हणत होते : तुम्ही आमच्या शत्रूच्या घरी जात आहात. भारतातले टीकाकार विचारत होते : तुम्ही आमच्या घरी कशासाठी येत आहात? लालबहादूर शास्त्रींच्या सरकारने पाहुण्याचे सन्मानाने स्वागत केले. पोपने स्वतःला शांतीचा यात्रेकरू म्हटले आणि जमलेल्या लोकांना हात जोडून नमस्कार केला.

१९/
३ डिसेंबर रोजी ते विविध धर्मांच्या प्रतिनिधींना भेटले. त्या भाषणात त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातील ती प्रार्थना उद्धृत केली, जी आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या प्रांगणात रांगेत उभे राहून म्हटलेली आहे. पोपच्या मुखातून, भारतात, उपनिषद. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्तेतर धर्मांशी संवाद साधण्यासाठी व्हॅटिकनमध्ये स्वतंत्र सचिवालय स्थापले होते. पुढील वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, इतर धर्मांविषयीची ‘नोस्त्रा एताते’ ही घोषणा परिषदेने संमत केली. हिंदू आणि बौद्ध परंपरांचा तीत आदराने उल्लेख आहे.

२०/
त्याच दिवशी ओव्हल मैदानावर पाच खंडांतील सहा बिशपांना दीक्षा देण्यात आली. चर्च म्हणजे युरोप नव्हे, हे सांगण्यासाठी याहून बोलके दृश्य नव्हते. ज्या शहराचा आर्चबिशप पोर्तुगीज की ब्रिटिश एवढाच प्रश्न १९२८ मध्ये होता, त्या शहरात छत्तीस वर्षांनी गोमंतकीय वंशाचा भारतीय कार्डिनल पोपचा यजमान होता.

२१/
राजकीयदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे भाषण ४ डिसेंबरचे, पत्रकारांपुढचे. राष्ट्रांनी शस्त्रस्पर्धा थांबवावी आणि शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग जागतिक निधीत देऊन गरीब देशांच्या विकासासाठी वापरावा, असे आवाहन पोपनी केले. काळ लक्षात घ्या : चीनने १६ ऑक्टोबर १९६४ रोजी पहिला अणुस्फोट केला होता, १९६२ ची जखम ताजी होती आणि भारत अमेरिकी गव्हावर अवलंबून होता. तो निधी तसा कधी उभा राहिला नाही. पण १९६७ च्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसियो’ या परिपत्रात पॉल सहावे यांनी मुंबईतील या आवाहनाची आठवण करून देत तीच मागणी पुन्हा मांडली.

२२/
एक छोटी पण प्रसिद्ध घटना. अमेरिकी कॅथलिकांनी भेट दिलेली पांढरी लिंकन मोटार पोप मुंबईत वापरत होते. निघताना ती त्यांनी मदर तेरेसांना दिली. मदर तेरेसांनी तिची सोडत काढली आणि मिळालेला पैसा कुष्ठरुग्णांच्या ‘शांतिनगर’ वसाहतीसाठी वापरला. त्याआधी तीनच आठवडे, १३ नोव्हेंबर रोजी, पोपने आपला रत्नजडित मुकुट गरिबांसाठी सेंट पीटर्सच्या वेदीवर ठेवला होता. ५ डिसेंबर रोजी ते मुंबईहून परतले.

२३/
आता नाण्याची दुसरी बाजू. होली सीचे धैर्य आणि होली सीचा संयम हे एकाच वेळी चालतात आणि संयमाची किंमत स्थानिक लोक मोजतात. गोव्याचे पोर्तुगीज आर्चबिशप अल्व्हेर्नाझ १९६२ मध्ये गोवा सोडून गेले, पण त्यांचे पद काढले गेले नाही. त्यामुळे गोव्याच्या चर्चचा कारभार वर्षानुवर्षे केवळ प्रशासक चालवत होते. मुक्त गोव्याला स्वतःचा आर्चबिशप नव्हता.

२४/
गाठ सुटली ती लिस्बनमध्ये. २५ एप्रिल १९७४ रोजी तेथील हुकूमशाही कोसळली. ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. १९७५ मध्ये अल्व्हेर्नाझ यांचे पद संपले आणि १९७८ मध्ये पॉल सहावे यांनी गोव्याचेच सुपुत्र राउल गोन्साल्विस यांना आर्चबिशप नेमले. मुक्तीनंतर सोळा वर्षांनी. रोमच्या घड्याळात हा काळ अल्प असेल. गोमंतकीय भाविकांच्या एका पिढीसाठी तो अल्प नव्हता.

२५/
हीच पद्धत त्यांनी पूर्व युरोपात वापरली. आर्चबिशप कासारोली यांच्या मार्फत साम्यवादी सरकारांशी वाटाघाटी झाल्या; हंगेरीशी १९६४ मध्येच करार झाला. परंतु त्याच वाटचालीत, साम्यवादाविरुद्ध उभे ठाकलेले हंगेरीचे कार्डिनल मिंदसेंती यांना १९७४ मध्ये आर्चबिशपपदावरून दूर करण्यात आले. अनेकांना तो विश्वासघात वाटला. उलट, १ जुलै १९७० रोजी पोपने अंगोला, मोझांबिक आणि गिनी-बिसाऊ येथील मुक्तिलढ्यांच्या नेत्यांना भेट दिली आणि लिस्बन पुन्हा खवळले. मुंबईत सुरू झालेली रेषा येथवर येते.

२६/
बीड जिल्ह्यात, कड्यासारख्या गावात बसून हा इतिहास वाचताना तो दूरचा वाटतो. तसा तो नाही. मराठवाड्यातील जिल्ह्यांसाठी औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये याच पोपच्या काळात स्थापन झाला. बीड जिल्हा त्यातच येतो. शेजारच्या नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकापासून जेझुइट मिशन होते. तेथील मिस्सा पूर्वी लॅटिनमध्ये होई. ती मराठीत होऊ लागली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे पॉल सहावे यांनी ४ डिसेंबर १९६३ रोजी जारी केलेल्या उपासनाविषयक संविधानामुळे. गावच्या चर्चमधील मराठी गायनामागेही रोममधला एक निर्णय आहे.

२७/
६ ऑगस्ट १९७८ रोजी पॉल सहावे यांचे निधन झाले. नव्या पोपच्या निवडणुकीला कार्डिनल ग्रेशस आजारपणामुळे जाऊ शकले नाहीत. सप्टेंबरमध्ये त्यांचेही निधन झाले. १९६४ च्या डिसेंबरातील पाहुणा आणि यजमान अवघ्या पाच आठवड्यांच्या अंतराने गेले. १९८६ मध्ये जॉन पॉल दुसरे गोवा, मुंबई आणि पुण्यात आले तेव्हा पोपचा भारतप्रवास कोणत्याही राष्ट्राला अपमान वाटला नाही. २०१८ मध्ये पॉल सहावे यांना संतपद मिळाले.

२८/
या साऱ्यातून इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे? ‘ख्रिस्ती म्हणजे परकीय’ हे वाक्य आजही सहज फेकले जाते. त्या वाक्याचा सर्वांत मोठा लाभार्थी एकेकाळी सालाझार होता : गोव्याचा कॅथलिक भारतीय असूच शकत नाही, यावरच त्याचा दावा उभा होता. तो दावा कुन्हांसारख्या माणसांनी आयुष्य देऊन खोडला, रॉबर्ट्स यांनी स्वतःची खुर्ची सोडून आणि पॉल सहावे यांनी विमान मुंबईत उतरवून. कोणी हे वाक्य पुन्हा उच्चारले, तर ते मुळात कोणाच्या सोयीचे होते, एवढे त्याला अवश्य विचारा.

धागा येथे पूर्ण. पुढच्या धाग्यात पाद्रोआदो आणि मराठे : वसईच्या १७३९ च्या तहानंतर तेथील चर्चचे काय झाले?